वात कशाची लावली?

“आरोळी मारू नका. प्रश्न विचारा.”

माझ्या हाकेला आलेलं हे पहिलं उत्तर. खाली नाव होतं प्र. डहाके, अमरावती. मी खुर्चीत बसल्या जागी त्या माणसाला दोन इरसाल शिव्या घातल्या आणि मग खिडकीतून बाहेर डोकावून पाहिलं, कारण अंगणात सासूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या.

माझं लिहिणं तर अगदी सरळ होतं. ‘अर्जंट!!! हॅचरमध्ये ओल वाढली आहे, कमी होत नाही. ओल कमी करायला अजून काय करायचं ते लगेच सांगा. चार हजार अंडी आहेत!!!’ यात न कळण्यासारखं काय होतं? घर पेटलेल्या माणसाला कुणी व्याकरण शिकवतं का?

ही गोष्ट चौदा वर्षांपूर्वीची. विट्यापासून सहा किलोमीटरवर आमची हॅचरी, म्हणजे अंडी उबवून कोंबडीची पिल्लं काढायचा कारखाना. नवरा सयाजी लष्करात, तेव्हा राजस्थानात होता. मागच्या सुट्टीत त्यानं हॅचरीच्या ऑफिसात कॉम्प्युटर आणून ठेवला आणि इंटरनेटवरच्या एका गटात स्वतःचं नाव नोंदवलं. राज्यातले हॅचरीवाले तिथं एकमेकांना अडचणी विचारायचे. चारशे सभासद, चारशेच्या चारशे बाप्ये. मी सयाजीच्या नावानं आत जायची, सगळं वाचायची आणि चूपचाप बाहेर यायची. त्या सकाळी पहिल्यांदा लिहिलं, तेही ‘सयाजी जगदाळे’ म्हणूनच.

हॅचरी माझ्या हाती येऊन बरोबर वीस दिवस झाले होते. सासऱ्यांना, म्हणजे आबांना, गुडघ्यांनी जेरीस आणलं होतं. किल्ली देताना त्यांनी मला समोर उभं करून बजावलं होतं.

“हेमा, ही एक ब्याच तू काढ. निघाली तर किल्ली तुजी. न्हाई निघाली तर मशिनी इकून टाकतो. बाईमानसाच्या हातात मशीन दिल्यावर काय हुतं, ते मी एकदा बगितलंय.”

ते ‘एकदा’ घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्याही आधी बारा वर्षं सासूबाई, आम्ही त्यांना आत्ती म्हणतो, त्या हॅचरी बघायच्या. एक दिवस आबा बाजाराला गेले, आत्ती राखणीला राहिल्या, आणि तीन हजार पिल्लं कवचातच मेली. तेव्हापासून आत्ती हॅचरीची पायरी चढल्या नव्हत्या. चहा आणला तरी कप पायरीवर ठेवायच्या आणि बाहेरून हाक मारायच्या. मला ही किल्ली काय वाट्टेल ते करून हवी होती. बी. एस्सी. होऊन मी सात वर्षं भाकरी थापल्या होत्या. भाकरीशी माझं वैर नाही, पण मला ते यंत्र आवडायचं. त्याची घरघर ऐकली की माझं डोकं शांत व्हायचं.

आता त्या सकाळचं संकट सांगते. अंडी अठरा दिवस एका यंत्रात फिरत राहतात आणि शेवटचे तीन दिवस हॅचर नावाच्या दुसऱ्या यंत्रात स्थिर ठेवतात. तिथं एकविसाव्या दिवशी पिल्लू बाहेर येतं. हॅचरमध्ये दोन थर्मामीटर असतात. एक कोरडा. दुसऱ्याच्या टोकाला वात गुंडाळलेली असते आणि वातीचं दुसरं टोक पाण्याच्या डबीत बुडवलेलं असतं. वात पाणी ओढते, त्यानं थर्मामीटर गार पडतो आणि त्याचा आकडा खाली राहतो. दोन आकड्यांत अंतर थोडं असेल तर आतली हवा ओलसर, अंतर वाढलं तर हवा कोरडी. विसाव्या दिवशी सकाळी मी पाहिलं तर कोरडा साडेअठ्ठ्याण्णव आणि ओला सत्त्याण्णव. ओला नव्वदीच्या आसपास हवा. याचा अर्थ आत नुसतं दमट झालं होतं आणि पिल्लं कवचातच पाण्यात बुडाल्यासारखी मरणार होती. मी पाण्याचे ट्रे उपसून टाकले, हवेच्या झडपा पुऱ्या उघडल्या. तीन तास गेले तरी आकडा हलेना. कंपनीचा मेकॅनिक कोइमतूरला, तो परवा येणार होता.

डहाक्यांचं दुसरं उत्तर आलं.

“विचारणाऱ्यानं तीन गोष्टी सांगाव्यात. डोळ्यांना काय दिसलं. हातांनी काय केलं. सगळं ठीक होतं तेव्हापासून काय बदललं. उपाय तुम्ही ठरवणार आणि आम्ही तो फक्त पुरा करून देणार, असं नसतं. तुमचा उपायच चुकीच्या दुखण्यावर असेल तर?”

मागोमाग कडेगावच्या संपत मोहित्यांनी लिहिलं, “सयाजीराव, सुट्टीवर आलात वाटतं! डहाकेसर तोंडानं कडक आहेत, पण त्यांचं ऐका.”

अडला हरी म्हणतात तशी माझी गत. मी निमूट लिहिलं. काय दिसलं, तर दोन्ही आकडे. काय केलं, तर ट्रे उपसले, झडपा उघडल्या. काय बदललं?

तिथं माझी बोटं थांबली. मग मी लिहिलं, ‘काही नाही.’

“अंड्यांना चोचीची भोकं पडली आहेत का?” डहाक्यांनी विचारलं. “पडली असतील तर भोकाच्या कडेचा पापुद्रा ओला आहे की वाळका? मला आकडा नको. बोट लावून पाहा.”

मी शेजारच्या खोलीत गेले, हॅचरचं दार हातभर उघडलं आणि एक अंडं उचललं. भोक पडलेलं होतं, पण पिल्लू तिथंच अडकलं होतं. पापुद्रा कागदासारखा कडक होऊन चोचीला चिकटला होता. आतून इवलासा आवाज येत होता. दुसरं अंडं पाहिलं, तिसरं पाहिलं, सगळीकडे तेच. मी अंडी जागेवर ठेवली, दार लावलं आणि पळत येऊन लिहिलं, ‘वाळका. कागदासारखा.’

“यंत्र म्हणतं ओल झाली, अंडं म्हणतं कोरड पडली. मी अंड्यावर विश्वास ठेवतो. तुमचा ओला थर्मामीटर खोटं बोलतोय. वात कधी बदलली?”

‘काल सकाळी.’

“मग काही बदललं नाही असं कसं लिहिलंत? वात कशाची लावली?”

मी कीबोर्डवरून हात काढून घेतले.

आदल्या दिवशी जुनी वात कुजून हातात आली होती. नव्या वातींचं पाकीट फळीवर असायचं, पण कारभार हाती आल्या आल्या मी उत्साहानं फळी आवरली होती आणि ते पाकीट जुनी दोरी समजून कचऱ्यात टाकलं होतं. आबांना हे सांगायची सोय नव्हती. म्हणून मी घरी गेले, कपाटातून नवा कोरा परकर काढला, त्याची नाडी ओढली आणि अर्धी कापून थर्मामीटरला गुंडाळली. पांढरीशुभ्र, गोल विणीची, हुबेहूब वातीसारखी. माझ्या हुशारीवर मी दिवसभर खूश होते.

आता चारशे बाप्यांसमोर परकराची नाडी लिहायची? त्यातले निम्मे विट्याच्या आसपासचे, आबांना नावानं ओळखणारे. आणि लिहिणारा कोण, तर लष्करातला सयाजी जगदाळे!

मी लिहिलं, ‘सुती.’

थोड्या वेळानं उत्तर आलं. “सुती असेल तर मला कळत नाही. अंदाजानं काहीतरी सांगून मला तुमची पिल्लं मारायची नाहीत. मेकॅनिकची वाट पाहा.”

संपला विषय. बाकीच्यांपैकीही कुणी काही बोलेना. सरच हात टेकतात म्हटल्यावर कोण बोलणार?

मी घरी जाऊन उरलेली अर्धी नाडी आणली आणि तिच्या टोकाला काडी लावली. सूत असतं तर जळून राख झाली असती. हिचं वितळून काळं बोंड झालं. नायलॉनची नाडी पाणी काय ओढणार, कपाळ! हॅचरमधला ओला थर्मामीटर कालपासून ठार कोरडा होता. आत हवा आधीच कोरडी, त्यात मी बाई शहाणी, ट्रे उपसून आणि झडपा उघडून ती अजून कोरडी करत बसले होते. ज्या दुखण्यानं पोरं मरत होती, तेच मी त्यांना वाढून वाढून देत होते.

खरं सांगते, त्या क्षणीसुद्धा माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की गुपचूप वात बदलावी आणि गप्प बसावं. कुणाला कळणार होतं? पण एक दिवस वाळलेल्या अंड्यांचं आता काय करायचं, हे मला ठाऊक नव्हतं. एकदम पाणी मारलं तर अंडी गार पडतील. नाही मारलं तर अशीच चिकटून मरतील. ज्याला ठाऊक होतं त्याच्याशी मी खोटं बोलले होते.

मी पुन्हा हॅचरपाशी गेले. काचेला कान लावला. सकाळी आत सगळीकडून किलबिल ऐकू येत होती, आता मोजकीच पिल्लं बोलत होती.

परत येऊन मी लिहायला बसले. या वेळी एकही अक्षर गाळलं नाही.

‘डहाकेसर, मी खोटं लिहिलं. मी सयाजी जगदाळे नाही, त्यांची पत्नी हेमलता. वाती माझ्याच हातून कचऱ्यात गेल्या. मी परकराची नाडी वात म्हणून लावली आहे. आत्ता जाळून पाहिली, ती नायलॉनची आहे. काल सकाळपासून आत हवा कोरडी आहे, त्यात मी ट्रे उपसून आणि झडपा उघडून ती आणखी कोरडी केली. आज विसावा दिवस. बऱ्याच अंड्यांना भोकं पडली आहेत, पापुद्रे वाळले आहेत, काही पिल्लं अजून बोलतात. यांना वाचवायला आता काय करू?’

पाठवलं आणि डोळे मिटून घेतले. आता चारशे जण खो खो हसणार, संध्याकाळपर्यंत विट्याच्या चौकात नाडी पोचणार, आणि उद्या किल्ली जाणार. मी मनातल्या मनात यंत्राला रामराम ठोकला.

“याला म्हणतात प्रश्न,” डहाक्यांचं उत्तर आलं. “आता लिहून घ्या. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड घ्या, धोतर उत्तम. त्याची वात करा. ट्रेमध्ये कोमट पाणी भरा, गार नको. कोमट पाण्यात पिळलेली सुती फडकी आत लोंबती ठेवा. दार एकदाच उघडायचं, सगळं झटपट करायचं, मग उद्यापर्यंत दाराला हात लावायचा नाही. पिल्लांना हातानं सोडवायला जाऊ नका. झडपा पाऊण बंद करा. पूर्ण बंद करू नका, पिल्लं गुदमरतील. पळा.”

त्याच्या खाली भराभर नावं उमटू लागली. मी उठता उठता वाचलं.

“वहिनी, घाबरू नका. मी एकदा बुटाची लेस लावली होती,” संपत मोहिते.

“आम्ही करदोडा लावला होता, रेशमी. दोन हजार अंडी गेली. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं,” पलूसचे कुणी चौगुले.

आणखी एकानं लिहिलं होतं, “मला वाटायचं मीच एकटा गाढव आहे.”

हसू आणि रडू एकदमच आलं, पण दोन्हीला वेळ नव्हता. आबा घराच्या सोप्यात पाय पसरून बसले होते.

“आबा, तुमचं जुनं धोतर पायजे.”

“कशापायी?”

“वात करायला.”

“वातीचं पाकीट हाय की फळीवर.”

“मी कचऱ्यात टाकलं. काल परकराची नाडी लावली. ती नायलॉनची निघाली. अंडी वाळल्यात.” एका दमात सगळं सांगून टाकलं. एकदा चारशे जणांना सांगितल्यावर चारशेएकावी शिवी खायला माणूस घाबरत नाही.

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की पायाखालची जमीन दुभंगली तर बरं वाटावं. मग ते भिंतीला धरून उठले, आतून धोतर आणलं आणि टर्रकन् फाडलं. “चल,” म्हणाले.

अमरावतीचे डहाकेसर, त्यांनी सांगायला लावलेल्या तीन गोष्टी, सगळं आबांना सांगत मी वात बांधली, ट्रे भरले, फडकी लोंबकळवली. झडपा वरच्या अंगाला असतात. आबा त्या गुडघ्यांनिशी स्टुलावर चढले.

“किती बंद करू?”

“पाऊण. पुऱ्या बंद करायच्या न्हाईत. सर म्हणतात, पिल्लं गुदमरतील.”

आबांचा हात झडपेवर तसाच राहिला.

“काय म्हनतो त्यो?”

“पूर्ण बंद केल्या तर पिल्लं गुदमरतील.”

पाऊण झडप लावून ते खाली उतरले आणि थेट घरी गेले. मी समजले, माझा निकाल लागला.

पुढचा दिवस कसा काढला ते माझं मला ठाऊक. दाराला हात लावायचा नाही म्हणजे नाही, काचेतून नुसतं बघायचं. आकडे मात्र शहाण्यासारखे वागायला लागले होते. सकाळी आठला पहिलं कवच दुभंगलं. नऊला काचेपाशी एक ओलं, चिपाड पिल्लू पालथं पडलेलं दिसलं, मग मान उचलून ते चक्क माझ्याकडे बघायला लागलं. दुपारपर्यंत ट्रे पिवळे झाले. चार हजारांतली तीन हजार तीनशे निघाली. मी खाली फरशीवर बसले आणि पोटभर रडले. असं रडू आयुष्यात एकदोनदाच येतं. आतलं सगळं हलकं होऊन जातं आणि वर भूक लागते.

डहाक्यांना लिहून कळवलं. त्यांचं उत्तर : “निकाल कळवलात, हे बरं केलं. बरेच जण कळवत नाहीत. पुढच्या वेळी स्वतःच्या नावानं लिहा.”

तेवढ्यात आबा आले. येऊन त्यांनी ट्रे पाहिले, एक पिल्लू तळहातावर घेतलं, पुन्हा ठेवलं. मी किल्ली काढून टेबलावर ठेवली. त्यांनी ती बघितलीसुद्धा नाही. माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसले.

“त्या अमरावतीच्या मास्तराला माजा बी एक सवाल इचार.”

“काय विचारू?”

“तीन गोष्टी सांगाया लागत्यात म्हनलीस न्हवं? लिव. बारा वर्सांमागची गोष्ट. पौष म्हैना. तीन हजार पिल्लं कवचात मेली. चोची भाईर आलेल्या आन् मेली. हे दिसलं.”

मी लिहिलं. “काय केलं होतं?”

“त्या दिशी लई थंडी हुती. ऊब ऱ्हावी म्हून सकाळी मी झडपांवर पोतं टाकलं. पार झाकून टाकल्या. आन् बाजारला ग्येलो. हिला सांगितलंच न्हाई. सांजच्याला आलो, मेल्याली पिल्लं बगितली आन् पैलं पोतं काढून फेकलं.” आबा माझ्याकडे बघत नव्हते. “मग म्हनलो, हिचं ध्यान नव्हतं. समद्यास्नी तेच सांगितलं. त्यानंच मेली का, एवढं इचार. दुसरं कायबी नगं.”

“नाव सयाजीचंच घालू?” मी विचारलं.

“न्हाई. गणपत बाळा जगदाळे. माजं.”

दारात सावली पडली. आत्ती चहा घेऊन पायरीखाली उभ्या होत्या, किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. त्यांनी कप पायरीवर ठेवले.

“मास्तराला कशाला इचारताय?” त्या म्हणाल्या. “पोत्यानंच मेली. झडपंत पोत्याचा काथ्या अडकल्याला हुता. दुसऱ्या दिशी शेवटचं आत आले, तवा मशीन पुसताना मीच काढला.”

आबांनी मान वर केली. “तुला ठावं हुतं?”

“हुतं.”

“बारा वर्सं? मग बोलली का न्हाईस?”

“तुमी कुठं इचारलं?”

खोलीत पिल्लांचा नुसता कालवा चालला होता. आबा खुर्चीतून उठले. डोळे पुसले. बायकोला हुकूम सोडण्यात हयात गेलेला माणूस तो.

“चूक माजी हुती,” ते शेवटी म्हणाले. “तू… आत येतीस का?”

आत्तींनी पदर खोचला, पायरीखाली चपला काढल्या आणि आत आल्या.